रुग्णाची डायरी रुग्णाच्याच हातात: ट्रायलमध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद कशी घ्यावी

सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, रुग्णाचं हिमोग्लोबिन मशीन सांगतं. काल रात्री त्याचे सांधे किती ठणकत होते, हे मात्र त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. औषध उपयोगी आहे की नाही हे या ठणक्यावरूनच ठरणार असेल, तर रुग्णाची रोजची नोंद हाच त्या ट्रायलचा, म्हणजे औषध-चाचणीचा, जीव.

कागदी डायरीत ही नोंद कशी बिघडते, ते ओपीडीबाहेरच्या बाकावर दिसतं. चौदा दिवसांची चौदा पानं नंबर लागायच्या आधी, एकाच पेनानं, दहा मिनिटांत भरली जातात. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात जुनाट वेदनेच्या रुग्णांना दिलेल्या कागदी डायरीत प्रकाश ओळखणारे सेन्सर बसवले होते. रुग्णांनी लिहिलेल्या तारखा-वेळांवरून ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. डायरी खरोखर कधी उघडली याचा हिशेब लावल्यावर त्या ११ टक्केच निघाल्या. इलेक्ट्रॉनिक डायरी दिलेल्या गटात हे प्रमाण ९४ टक्के होतं.

फोनवरची डायरी प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारते, म्हणून हा फरक पडतो. पण शिक्का फक्त ‘कधी’ ते सांगतो, ‘कुणी’ ते सांगत नाही. मुलानं किंवा ट्रायलचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरनं भरलेल्या उत्तरावरही तो तितकाच ठसठशीत उमटतो, आणि मग खोटी नोंद खऱ्यापेक्षाही खरी दिसते. पुढची सगळी तयारी ते उत्तर रुग्णाचंच राहावं यासाठी आहे.

आधी प्रश्न, मग ॲप

प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, हातात आला की प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहून काढा: उत्तर कोण देणार, किती काळाबद्दल देणार, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी देणार. सिकलसेलमध्ये दुखण्याची लाट येते आणि ओसरते. ‘गेल्या सात दिवसांत किती दुखलं’ असं विचारलं, तर सगळ्यात वाईट दिवस आणि आजचा दिवस एवढेच आठवतात, मधले पुसले जातात. म्हणून ‘गेल्या २४ तासांत सगळ्यात जास्त दुखलं तेव्हा किती दुखत होतं’ हा ० ते १० चा प्रश्न रोज रात्री विचारावा. जोडीला दुखण्याची गोळी घेतली का, कामावर किंवा शाळेत जाता आलं का, दवाखान्यात जावं लागलं का, एवढं पुरे. पाच-सहा प्रश्न, तीन मिनिटांच्या आत. पंधरा प्रश्नांची डायरी पहिला आठवडा उत्साहात भरली जाते. नंतर रुग्ण काहीतरी दाबून मोकळा होतो.

जीवनमानाच्या मोठ्या प्रश्नावल्या, म्हणजे ईक्यू-५डी-५एल किंवा कर्करोगातली क्यूएलक्यू-सी३०, व्हिजिटच्या दिवशी टॅबलेटवर घ्या. त्यासाठी एक नियम पाळाच: रुग्ण डॉक्टरांना भेटायच्या आधी, वजन-रक्तदाब घ्यायच्याही आधी प्रश्नावली भरून व्हायला हवी. ‘रिपोर्ट चांगला आहे’ हे ऐकून आलेला माणूस पाच मिनिटांपूर्वी दिलं असतं त्यापेक्षा वेगळं उत्तर देतो.

तयार प्रश्नावलीला मालक असतो. ईक्यू-५डी युरोकॉल या संस्थेची, क्यूएलक्यू-सी३० ईओआरटीसी या संस्थेची. कागदी प्रतीची परवानगी असली म्हणजे स्क्रीनवरच्या प्रतीची मिळाली असं होत नाही. मालक बहुधा प्रत्येक भाषेतल्या स्क्रीनचे फोटो मागतात, तपासतात, बदल सुचवतात. यात आठवडे जातात, तेव्हा हे काम वेळापत्रकात अगदी वर ठेवा. मंजूर वाक्यातला एक शब्दही साइटवर, म्हणजे ट्रायल चालणाऱ्या दवाखान्यात, बदलू नका. ‘गोल करा’ऐवजी ‘बोट लावा’ हा किरकोळ बदल समजला जातो. पर्याय कमी करणं, आठवणीचा काळ बदलणं किंवा एक प्रश्न दोन स्क्रीनवर तोडणं हा मोठा बदल, आणि त्यासाठी रुग्णांवर नव्यानं चाचणी करावी लागते. वेदनेची १०० मिलिमीटरची रेघ लहान फोनच्या स्क्रीनवर बसत नाही. ती आक्रसून घेण्यापेक्षा सुरुवातीपासूनच ० ते १० आकडे निवडलेले बरे.

‘दुखणं’ म्हणजे काय?

नागपुरात उपचार घेणारा रुग्ण नागपूरचाच असतो असं नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, शिवाय सीमेपलीकडचे बालाघाट, छिंदवाडा, सिवनी. मराठी आणि हिंदी दोन्ही आवृत्त्या पहिल्या दिवसापासून लागतात, आणि गोंडी बोलणाऱ्या रुग्णासाठी काय करायचं तेही तेव्हाच ठरवावं लागतं.

भाषांतराची ठरलेली पद्धत आहे: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, आणि शेवटी पाच ते आठ रुग्णांशी बसून पडताळणी. पहिल्या पायऱ्या एजन्सी करून देते. शेवटची पायरी तुमच्या रुग्णांवर झाली पाहिजे, कारण पुण्यात चालणारं वाक्य रामटेकला चालेलच असं नाही.

एक प्रश्न जवळून पाहू. ‘गेल्या २४ तासांत तुमचं दुखणं कसं होतं?’ व्याकरण शुद्ध, शब्द सोपे. यावर उमरेडकडच्या रुग्णाचं सरळ उत्तर येतं: ‘ते तर लहानपणापासूनच आहे ना.’ त्याच्या लेखी ‘दुखणं’ म्हणजे आजार. ‘वेदना’ म्हटलं तर अर्थ नेमका, पण शब्द पुस्तकी. ‘अंगात, हाडांत किंवा सांध्यांत किती दुखत होतं’ असं विचारलं की हात आपोआप गुडघ्याकडे जातो. प्रश्न पोचला हे त्यावरून कळतं.

पडताळणीत ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘हा प्रश्न मला तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा, आणि रुग्ण जे बोलेल ते जसंच्या तसं लिहा, ‘ठणकून राहिलं’ असेल तर तसंच. ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ यांवर बरेच जण अडतात. मराठीतलं ‘परवा’ मागचंही असतं आणि पुढचंही. हिंदीत तर ‘कल’सुद्धा दोन्हीकडे जातो. अशा जागी वार आणि तारीख स्क्रीनवर दाखवण्याची मागणी करा. खटकलेला शब्द, रुग्णाचं बोलणं आणि सुचवलेला पर्याय असा तक्ता करून मालकाकडे पाठवला, तर बदल मंजूर होण्याची शक्यता बरीच वाढते. नुसतं ‘भाषा कठीण आहे’ लिहिलं तर काही होत नाही.

आकड्यांकडेही बघा. ज्याच्या नजरेत इंग्रजी आकडे बसलेत त्याला देवनागरी १ हा नऊसारखा आणि ५ हा चारसारखा वाटू शकतो. ज्यानं शाळेत मराठी आकडेच गिरवले त्याची अडचण उलटी. वेदनेच्या पट्टीवर १ आणि ९ यांची अदलाबदल म्हणजे सगळी नोंद पालथी. दोन्ही टोकांना शब्द हवेत, ‘अजिबात दुखत नाही’ आणि ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’, आणि निवडलेला आकडा पुढच्या स्क्रीनवर मोठा दाखवून ‘हेच ना?’ असं विचारलं जावं.

फोन कुणाचा?

स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला, रुग्णाच्या स्वतःच्या फोनवर ॲप टाकणं स्वस्त वाटतं. होकार देण्याआधी प्रत्येक रुग्णाला चार प्रश्न विचारा: घरात फोन किती, तुमचा कोणता, दिवसभर तो कुणाजवळ असतो, त्यात जागा किती उरली आहे. घरातला एकच स्मार्टफोन मुलगा बुटीबोरीच्या कंपनीत घेऊन जात असेल आणि तो रात्री नऊला परतत असेल, तर सातचा गजर बसमध्ये वाजतो आणि डायरी मुलगाच भरून टाकतो. अशा ठिकाणी ट्रायलचाच फोन द्यावा.

ट्रायलचा फोन देताना तो फक्त डायरीपुरता बंदिस्त करा. इतर ॲप, कॅमेरा, गेम काहीच उघडता येऊ नये. घड्याळ नेटवर्कवरूनच चालावं आणि रुग्णाला बदलता येऊ नये. फोनची सिस्टीम आपोआप अपडेट होऊ देऊ नका. रात्रीत झालेल्या अपडेटनं डायरीचं ॲप बंद पडतं आणि ते कळेपर्यंत तीन दिवस गेलेले असतात. प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक, सिम, दिल्याची तारीख आणि रुग्णाचा ट्रायल क्रमांक रजिस्टरमध्ये. दर दहा फोनमागे एक तयार फोन कपाटात चार्ज करून ठेवावा.

नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि नेटवर्क मिळालं की सर्व्हरवर गेली पाहिजे. ही अट करारातच टाका. पोळ्याला गावी गेलेल्या रुग्णाला चार दिवस टॉवर मिळाला नाही तरी डायरी चालू राहायला हवी.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. अनेक फोन-उत्पादक ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापर सुचवतात, आणि मे महिन्यात नागपूर ४५ च्या आसपास असतं. टिनाच्या घरात चार्जिंगला लावून ठेवलेला फोन तापून बंद होतो, बॅटरी फुगते. रुग्णाला सांगा: चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा, फोन खिडकीत ठेवू नका आणि कूलरवर तर नाहीच. गार जागा म्हणून फोन तिथेच ठेवला जातो, आणि टाकी भरताना पाणी त्याच्यावर सांडतं.

घड्याळ आणि चाचणी

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो. फोनवरची स्थानिक तारीख वेगळी जपली नाही, तर पहाटे ५.३० च्या आधी भरलेली सकाळची डायरी आदल्या दिवसाच्या नावावर जमा होते. मग अहवालात एका दिवशी दोन डायऱ्या आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही असं दिसतं, आणि दोष रुग्णाच्या माथी येतो. म्हणून ॲप स्वीकारण्याआधीच्या चाचणीत पहाटे ५.१० ला एक आणि ५.४० ला एक नोंद करून दोन्हींची तारीख अहवालात पडताळा. रात्री ११.५५ ला सुरू करून १२.०५ ला संपवलेली डायरी कोणत्या दिवसाची धरली जाते, तेही पाहा.

ही चाचणी स्पॉन्सरच्या ऑफिसात होऊन गेली असली तरी साइटवर एकदा कराच, आणि रुग्णाला देणार तोच फोन घ्या. प्रत्येक स्क्रीन मराठीतून आणि हिंदीतून उघडा. ‘दुसऱ्या’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही जोडाक्षरं तुटतात का? फोनवर अक्षर सगळ्यात मोठं केलं की बटणावरचं ‘खूप जास्त’ कापलं जाऊन नुसतं ‘खूप’ उरतं का? तसं झालं तर दोन पर्याय एकसारखे दिसतात, आणि ही चूक आकडेवारीतून पुढे कधीच शोधून काढता येत नाही. मग फोन विमान मोडवर टाकून तीन दिवसांच्या नोंदी भरा, नेटवर्क चालू करा, तिन्ही पोचल्या का ते मोजा. डायरी अर्धी भरून फोन बंद करा. चुकीचा पिन पाच वेळा टाका. जे फसेल त्याचा स्क्रीनशॉट आणि वेळ लिहून पाठवा, आणि दुरुस्त आवृत्तीवर सगळी चाचणी पहिल्यापासून.

रुग्णांचं हित पाहणाऱ्या एथिक्स कमिटीला फक्त प्रश्नावली पाठवून भागत नाही. रुग्णाला दिसणारी प्रत्येक स्क्रीन, गजराचा मजकूर आणि आठवणीचा एसएमएससुद्धा मंजूर करून घ्यावा लागतो. माहिती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर जाईल, फोन हरवला तर भरपाई रुग्णाकडून मागितली जाणार नाही, रिचार्जचा खर्च कोण देणार, हे संमतीपत्रात साध्या मराठीत हवं.

फोन हातात देताना

अर्धा तास राखून ठेवा, आणि फोन पहिल्या मिनिटापासून रुग्णाच्या हातात असू द्या. कोऑर्डिनेटरनं करून दाखवलं की रुग्ण मान डोलावतो आणि घरी गेल्यावर अडतो. सराव-डायरी असते, त्यात एक नोंद तुम्ही बोलून सांगा, दुसरी रुग्णानं न विचारता भरावी. चार्जर लावणं, गजर बंद करणं आणि ‘नोंद पाठवली’ ही खूण ओळखणं त्यानं स्वतः करून दाखवावं.

पिन रुग्णानं स्वतः ठरवायचा, तुम्ही तोंड फिरवून बसायचं. कोऑर्डिनेटरला पिन माहीत असेल तर तपासणीच्या वेळी ‘ही नोंद रुग्णाचीच’ असं छातीठोक सांगता येत नाही. विसरला तर रीसेट करा, पण लिहून ठेवू नका. घरच्यांनाही समोर बसवून सांगा: आठवण करून द्या, चार्ज करून द्या, उत्तर सुचवू नका.

गजराची वेळ घरच्या दिनक्रमावरून ठरवा. जेवणानंतर, झोपण्याआधी, साधारण साडेआठ. पुन्हा नऊला, साडेनऊला. रात्रपाळीच्या माणसाची वेळ वेगळी. मागचा दिवस दुसऱ्या दिवशी भरण्याची सोय ठेवू नका, नाहीतर कागदी डायरीतला तोच रोग परत येतो.

औषध सुरू करण्याआधी सात दिवस नुसती डायरी भरून घेणं फार उपयोगी. सातपैकी पाच दिवस भरली तर पुढे, अशी अट प्रोटोकॉलमध्ये घालता येते. मात्र ज्याचे दिवस चुकले त्याला वगळण्याआधी कारण शोधा. फोन, वीज किंवा भाषा आडवी आली असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा संधी द्यावी. नाहीतर ट्रायलमध्ये शहरातले, शिकलेले रुग्ण उरतात, आणि औषध ज्यांना सगळ्यात जास्त लागणार आहे ते बाहेर राहतात.

वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी ध्वनिमुद्रित प्रश्न असलेलं ॲप उत्तम. ते नसेल तर प्रशिक्षित माणसानं फोनवरून प्रश्न शब्दशः वाचायचा, पर्याय सगळे वाचायचे, समजावून सांगायचं नाही, आणि ‘मुलाखतीनं घेतलं’ अशी नोंद करायची. यालाही मालकाची आणि प्रोटोकॉलची मंजुरी हवी. एकदा ठरलेली पद्धत त्या रुग्णासाठी शेवटपर्यंत बदलू नका. सुनेनं सासूच्या वतीनं दिलेलं उत्तर हे सुनेचं मत असतं, सासूचं दुखणं नव्हे.

रोज सकाळी दहा मिनिटं

ओपीडी सुरू होण्याआधी डॅशबोर्ड, म्हणजे कुणाची डायरी आली ते दाखवणारं पान, उघडा. लागोपाठ दोन दिवस डायरी नसेल तर तिसऱ्या सकाळी फोन करा. ‘का भरली नाही?’ असं विचारू नका, रुग्ण ओशाळतो आणि आज घाईघाईनं काहीतरी भरतो. ‘फोन ठीक चालतोय ना, तब्येत कशी आहे?’ एवढं पुरतं. चुकलेल्या दिवसांचं उत्तर फोनवर विचारून आपण भरायचं नाही. रिकामा दिवस रिकामाच राहू द्या.

भरलेल्या डायऱ्याही पाहा. सहा प्रश्न बारा सेकंदांत संपले, महिनाभर रोज ५ हाच आकडा, घरची डायरी दर वेळी सकाळी अकराला ओपीडीच्या तासात भरलेली, तीन रुग्णांच्या नोंदी एकाच पाच मिनिटांत. यातल्या शेवटच्या दोन दिसल्या तर आधी आपल्याच टीमशी बोला.

रुग्णाचं उत्तर साइटला बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. चुकून ८ ऐवजी ३ दाबलं असं रुग्ण नंतर म्हणाला, तर त्याचं म्हणणं त्याच दिवशी तारखेसह फाइलमध्ये लिहा, दुरुस्तीची विनंती पाठवा, निर्णय प्रोटोकॉलनुसार होईल. मूळ उत्तर, बदल, कारण आणि करणाऱ्याचं नाव ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, कायम राहतं. ट्रायल क्रमांक किंवा व्हिजिटचं नाव चुकलं असेल तर दुरुस्ती सोपी असते.

एक गोष्ट रुग्णाला दर व्हिजिटला सांगा: डायरीत लिहिलं म्हणजे डॉक्टरांना कळलं असं नाही. छातीत दुखून ताप आला, श्वास लागला, तर डायरी बाजूला ठेवून फोन करा, दवाखान्यात या. मात्र साइटनं या वाक्याआड लपू नये. डायरीत ‘दवाखान्यात भरती’ची नोंद दिसली तर त्याच दिवशी चौकशी करा, कारण गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवण्याची जबाबदारी नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांबाबतच्या २०१९ च्या नियमांनी प्रमुख संशोधकावर टाकली आहे. आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न असलेली प्रश्नावली असेल, तर धोक्याचा इशारा कुणाच्या फोनवर, किती वेळात येईल आणि सुट्टीच्या दिवशी कोण पाहील, हे पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवा.

शेवटच्या व्हिजिटला फोन परत आला की लगेच पुसू नका. आधी नेटवर्क लावा, न पाठवलेल्या नोंदींचा आकडा शून्य होईपर्यंत थांबा, सर्व्हरवरच्या शेवटच्या नोंदीची तारीख रुग्णाला विचारून जुळवा, मगच रीसेट. व्हेंडरनं, म्हणजे ॲप पुरवणाऱ्या कंपनीनं, नोंदी पाहायचं पोर्टल बंद करण्याआधी तुमच्या सगळ्या रुग्णांच्या नोंदींची ऑडिट ट्रेलसह प्रत मागून घ्या, ती उघडते का ते साइटच्याच कॉम्प्युटरवर पाहा, आणि पाच रुग्ण निवडून प्रत्येकी एक आठवडा पोर्टलशी ताडून बघा. पोर्टल एकदा बंद झालं की हे ताडून पाहायला काही उरत नाही.